भावी शिक्षकाची शंका

आमच्या निवासी शाळेतून बाहेर पडून अध्यापनाचे शिक्षण घेणारे तरुण अधूनमधून भेटीस येतात. अलीकडे त्यांच्या बोलण्यात एक शंका वारंवार डोकावते. समाजाचे नेतृत्व गटागटांत विभागले आहे; वाडीतील मंडळी आणि मुंबईचे मंडळ यांचेही अनेकदा पटत नाही. अशा स्थितीत उद्या वर्गात उभे राहून मुलांना कोणते आदर्श सांगायचे? पालकांना या शंकेत अश्रद्धा दिसते. आम्हांस मात्र तिचा गांभीर्याने विचार व्हावा, असे वाटते.

वस्तुस्थिती झाकण्यात अर्थ नाही. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष काही वर्षांतच दुभंगला, हा इतिहास आहे. त्याआधी, १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत, शिकलेल्या लोकांनी आपली निराशा केली, अशी व्यथा खुद्द बाबासाहेबांनी बोलून दाखविली होती. शिक्षक हा शिकलेल्यांपैकीच एक. म्हणून नेत्यांकडे बोट दाखवून त्याची सुटका होत नाही.

परंतु नेता ढळला म्हणून आदर्श ढळला, हे अनुमान बरोबर नाही. १९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्यावर व्याख्यान देताना बाबासाहेबांनी व्यक्तिपूजेवर परखड टीका केली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी पुन्हा बजावले की, राजकारणातील भक्ती अधःपतनाकडे आणि अखेरीस हुकूमशाहीकडे नेते. तथागतांनीही आपल्यामागे कोणी उत्तराधिकारी नेमला नाही. भिक्खूंनी धम्मालाच मार्गदर्शक मानावे, असे सांगितले. केवळ परंपरेने आले किंवा गुरूने सांगितले म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, हा कालामांना केलेला उपदेश सर्वश्रुत आहे. नेत्याला समता, बंधुता आणि शील यांच्या कसोटीवर पारखणे हाच आपला वारसा आहे. शंका घेणारा तरुण या वारशाच्या बाहेर गेलेला नसून त्याच्या उंबरठ्यावर आलेला असतो.

आमच्या कोकणाला तर ही परंपरा जुनी आहे. सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीत स्थायिक झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले आणि अस्पृश्यतेच्या आधाराविषयी धर्मपंडितांना प्रश्न विचारले. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, ते सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचे मूळ गाव वेंगुर्ल्याजवळचे केळूस. हा भाग त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले; पुढे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे त्यांच्या शिक्षणासाठी शब्द टाकला. केळुसकर कोणत्याही पक्षाचे पुढारी नव्हते. एक होतकरू विद्यार्थी त्यांनी वेळीच ओळखला आणि त्याच्यासाठी आपली पत खर्ची घातली. शिक्षकाचे नेतृत्व म्हणतात ते हेच.

मग भावी शिक्षकाने करावे काय? १४ एप्रिलला प्रतिमेस हार घालून झाल्यावर संविधान सभेतील ते भाषण मुलांकडून वाचून घ्यावे आणि त्यावर त्यांना निःसंकोच प्रश्न विचारू द्यावेत. आवडत्या पुढाऱ्याविषयी मुलाने अडचणीचा प्रश्न केला, तर त्याला गप्प बसवू नये. वाडीच्या बैठकीत गट न पाहता जमाखर्च वाचण्याचा आग्रह धरावा. दोन भावकींचा अबोला असला, तरी दोन्हीकडची मुले एका बाकावर बसतील, हे पाहावे. मुंबईला कामधंद्यासाठी गेलेल्या आईवडिलांची मुलगी आजीपाशी राहते आणि शाळा चुकवू लागते, तेव्हा तिच्या घरी जावे. ही कामे करण्यासाठी नेत्यांच्या ऐक्याची वाट पाहावी लागत नाही.

पालकांना आमची विनंती एवढीच की, घरातील शिकणाऱ्या मुलाने समाजाविषयी प्रश्न केला, तर त्याला फितूर ठरवू नका. अशा मुलाला घरात उत्तर मिळाले नाही, तर तो नोकरी मिळताच वाडीकडे पाठ फिरवतो आणि आग्र्याला व्यक्त झालेली ती व्यथा पुन्हा खरी ठरते. त्याच्याशी बसून बोला. त्याला वर्गावर जायचे आहे, आणि तेथे तुमचीच नातवंडे बसणार आहेत.