मोटारीचे कवच : सार्थ की व्यर्थ?

मोटार घरात येते ती एकटी येत नाही. तिच्यामागून विमा, इंधन, दुरुस्ती असा खर्चाचा सारा लवाजमा चालत येतो. अलीकडे त्यात आणखी एका बाबीची भर पडली आहे. नव्या मोटारीच्या रंगावर नखशिखान्त एक पारदर्शक पापुद्रा चढवावयाचा, म्हणजे रंगास वर्षानुवर्षे ओरखडा येत नाही, असे विक्रेते सांगतात. यास 'पेंट प्रोटेक्शन फिल्म' व संक्षेपाने 'पीपीएफ' असे नाव आहे. गेल्या दसऱ्यास आमच्या पुण्याच्या घरी नवी मोटार आली, तेव्हा हा प्रश्न आमच्यापुढेही उभा राहिला. त्यावरून घरात थोडे रुसवेफुगवे झाले, पुष्कळ चौकशी झाली, आणि शेवटी एक निर्णय झाला. तो अनुभव व त्यातून निघालेला हिशेब अनेक कुटुंबांस उपयोगी पडण्याजोगा वाटल्यावरून येथे मांडीत आहो.

मोटार ताब्यात घेण्याच्या दिवशीच विक्रेत्याच्या माणसाने ही गोष्ट काढली. संपूर्ण मोटारीस फिल्म लावण्याचे १,१०,००० रुपये, त्यावर शेकडा १८ प्रमाणे कर, म्हणजे एकूण १,२९,८०० रुपये. आणि सही आजच केल्यास काही सवलत. आमचा पुतण्या तयारच होता. परंतु घरचा जमाखर्च आमच्या हाती असल्यामुळे आम्ही चारचौघांत "हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड!" असे बोलून गेलो. तो बिचारा गप्प बसला.

पुढे आठवडाही गेला नाही तोच एक प्रसंग घडला. आमची वडील बहीण आक्का आमच्याकडेच असते. तिचे वय ७८. काठीवाचून तिला चालवत नाही. मोटारीत चढताना तिची काठी दारास घासली, आणि पुतण्या एकदम ओरडला, "आत्या, जरा जपून! रंग जाईल ना!" आक्का काही बोलली नाही. पण पुढच्या खेपेस वैद्यांकडे जावयाचे होते तेव्हा तिने "मला आपली रिक्षा आणा" म्हणून सांगितले. तेव्हा आमच्या ध्यानात आले की, हा प्रश्न केवळ पैशांचा नव्हे. एक शब्दात 'नाही' म्हणून आम्ही तो सोडवला नव्हता, नुसता झाकून ठेवला होता. म्हणून आम्ही दोघे काकापुतणे मिळून चौकशीस लागलो.

प्रथम रंगाची रचना समजून घेतली पाहिजे. मोटारीच्या पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर 'क्लिअर कोट' नावाचा निर्वर्ण थर, अशी पुटे असतात. ही सर्व मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे एक दशांश मिलिमीटरच्या आसपास भरते. चकाकी असते ती वरच्या निर्वर्ण थराची, आणि तो तर ४०-५० मायक्रॉनांचाच असतो. आपण ज्यास ओरखडे म्हणतो ते बहुतेक या थरातच असतात.

पीपीएफ ही थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन या लवचिक द्रव्याची असून तिची जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन असते. म्हणजे कवच हे अंगापेक्षा जाड झाले! व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टरांच्या पात्यांच्या कडा वाळूने व खड्यांनी झिजू नयेत म्हणून अशा फिल्मचा उपयोग झाला. पुढे ती शर्यतीच्या मोटारींवर आली आणि तेथून घरगुती मोटारींवर. उडालेल्या खड्याचा आघात ती आपल्या अंगावर घेते. चांगल्या प्रतीच्या फिल्मच्या पृष्ठावर असे लेपन असते की, बारीक चरे उन्हाच्या किंवा गरम पाण्याच्या उष्णतेने आपोआप भरून येतात. खोल चीर मात्र भरत नाही. फिल्ममुळे पत्र्यास पोचा येण्याचे टळत नाही, आणि मोठा दगड वेगाने आला तर तो फिल्म भेदून रंगासही लागतो.

याच दुकानांत 'सिरॅमिक कोटिंग' नावाचा दुसरा प्रकार मिळतो. तो पुष्कळ स्वस्त असतो. पण त्याचा थर अवघा एकदोन मायक्रॉनांचा. पाणी व धूळ चिकटू न देणे, चकाकी राखणे, हे त्याचे काम. खड्यांपासून रक्षण करणे हे त्याचे काम नव्हे. पुष्कळ लोक या दोहोंत घोटाळा करतात. पूर्वी घरोघर पितळेच्या भांड्यांना कल्हई करीत असत. कल्हई झिजे, पुनः करावी लागे, पण आंबट पदार्थ पितळेस लागत नसे. फिल्मची जात या कल्हईचीच : स्वतः झिजावे व आतल्यास जपावे. तिचे आयुष्यही अमर्याद नाही. चांगल्या फिल्मची हमी बहुधा पाच ते दहा वर्षांची असते, आणि तीही पिवळी पडणे, तडकणे, सुटणे एवढ्यापुरती. खड्याने पडलेले भोक त्या हमीत बसत नाही.

आता हिशेब. फिल्म पाच वर्षे नीट टिकेल असे धरले, तर १,२९,८०० रुपयांचे वर्षास २५,९६० रुपये, म्हणजे दिवसास सुमारे ७१ रुपये पडतात. याच्या उलट, बॉनेट व पुढील बंपर हे दोन्ही भाग नव्याने रंगवून देण्याचे एका कारखान्याने आम्हांस १४,००० रुपये सांगितले. म्हणजे हे दोन भाग पाच वर्षांत दोनदा जरी रंगविले, तरी खर्च २८,००० च्या वर जात नाही. मोटार विकताना फिल्मचे पैसे परत मिळतात असे सांगण्यात येते, तेही अर्धेच खरे. मूळ रंग शाबूत असला तर गिऱ्हाईक संतुष्ट होते, कारण पुनः रंगविलेला भाग दिसला की अपघाताची शंका येते. परंतु भाव ठरतो तो मुख्यतः मोटारीचे वय, तिची धाव व इंजिनाची स्थिती यांवरून. लाखाची भरपाई त्यातून होईल, ही आशा आम्हांस तरी धरवत नाही.

मग फिल्म कोणी लावावी? ज्याची मोटार नित्य मोठ्या रस्त्यावर वेगाने धावते, ज्यास ती आठदहा वर्षे ठेवावयाची आहे, ज्याचा रंग काळा किंवा गडद असून बारीक चरेही डोळ्यांत भरतात, त्याने तिचा विचार अवश्य करावा. ज्याची मोटार शहरातल्या शहरात फिरते, किंवा जो तीनचार वर्षांत ती बदलणार आहे, त्याने या खर्चात पडू नये. आमचा पुतण्या कामानिमित्त आठवड्यातून दोनदा द्रुतगती मार्गाने मुंबईस जातो. त्यामुळे समोरच्या भागास खडे लागण्याची त्याची भीती अगदीच अनाठायी नव्हती, हे आम्हांस कबूल करावे लागले.

आणखी एक कबुली देणे प्राप्त आहे. आमची जुनी मोटार दहा वर्षे आम्ही स्वतः रोज सकाळी पुशीत असू, आणि तेही कोरड्या फडक्याने. उन्हात तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे चरे दिसत, त्यांचा दोष आम्ही नेहमी रस्त्यास दिला. चौकशीअंती समजले की, धुळीचे कण कोरड्या फडक्याखाली घासले जाऊन हे जाळे पडते. दोषी आमचाच हात! आधी पाण्याने धूळ सोडवून मग मऊ, स्वच्छ फडक्याने धुणे. पक्ष्यांची विष्ठा व झाडाचा चीक त्याच दिवशी काढणे. शक्य तर सावलीत उभी करणे. या बिनखर्ची उपायांनी निम्मे काम होते.

फिल्म लावावयाचीच असेल तर काही गोष्टी पाहाव्या. काही ठिकाणी पीव्हीसीची स्वस्त फिल्म त्याच नावाने विकतात. ती लौकर पिवळी पडते, म्हणून द्रव्याचे नाव पावतीवर व हमीपत्रावर लिहून घ्यावे. फिल्म मोटारीवर ठेवून पात्याने कापतात, की यंत्राने आधीच बेतून आणतात, हे विचारावे. पात्याची धार रंगास लागू शकते. पुनः रंगविलेल्या भागावर रंग पुरता वाळल्यावाचून फिल्म लावू नये. काढताना तिच्याबरोबर रंगही निघण्याचा धोका असतो. विमापत्रात तिची नोंद होते किंवा कसे, याचाही खुलासा करून घ्यावा. आणि 'आजच सही करा' म्हणणाऱ्याकडे त्या दिवशी तरी सही करू नये.

संस्कृतात 'योगक्षेम' असा एक जोडशब्द आहे. न मिळालेले मिळविणे हा योग, आणि मिळालेल्याचे रक्षण करणे हा क्षेम. मोटार घेतली हा योग झाला. तिचा क्षेम पाहणे हाही गृहस्थाचा धर्मच, एवढे आम्ही पुतण्यास मान्य केले. परंतु क्षेम वस्तूचा पाहावयाचा तो घरातील माणसांच्या सुखासाठी, हे त्यानेही मान्य केले. शेवटी आम्ही बॉनेट, पुढील बंपर, बाजूचे आरसे, दारांच्या कडा, मुठींच्या खोबणी आणि चढण्याचे उंबरे एवढ्याच भागांस फिल्म लावून घेतली. करासह खर्च ३५,४०० रुपये आला. उंबऱ्यांची सूचना पुतण्याची होती. ती का केली हे त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. मात्र त्याच संध्याकाळी तो आक्काच्या खोलीत बराच वेळ बसला होता, आणि येत्या गुरुवारी वैद्यांकडे आपणच नेतो असे तिला सांगत होता.

त्या गुरुवारी आक्काची काठी पुनः दारास लागली. आवाज आम्हांस ओसरीपर्यंत ऐकू आला. पुतण्याने काठी हातात घेऊन आत ठेवली, आक्काचा पदर सावरून दार लावले आणि मोटार चालू केली. काठी फिल्मवर लागली की उघड्या रंगावर, हे पाहावयास त्या दिवशी कोणी वाकले नाही.