बारदान तागाचेच का?



गटसभेला गेलो की एक प्रश्न आम्हाला हमखास येतो. प्लॅस्टिकचे पोते स्वस्त पडते, मग कारखाना तागाचे महाग बारदान घेतोच कशाला? परवा एक वयस्क सभासद म्हणाले, "साहेब, बंगालच्या तागाले आपून पैसे द्याचे, मंग आपल्या कापसाले कोन वाली?" प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडा खुलासा करतो.

तागाच्या बारदानाचा कायदा 1987 चा. त्याखाली केंद्र सरकारने धान्यासाठी 100 टक्के आणि साखरेसाठी 20 टक्के तागाची पोती सक्तीची केली आहेत. म्हणजे साखरेच्या दर शंभर पोत्यांत वीस तागाची. यावर बंगाल, बिहार, आसामचा ताग-शेतकरी आणि गिरणी कामगार तगतो. मात्र साखरेच्या पोत्याचा जादा खर्च सरकार देत नाही; तो कारखान्याच्या, म्हणजे शेवटी सभासदांच्याच खिशातून जातो.

सरकारी खरेदीत दुसरीही रीत आहे. केंद्राच्या 2017 च्या आदेशाप्रमाणे निम्मे किंवा जास्त देशी घटक असलेल्या मालाला पहिली पसंती. समजा, बाहेरच्या मालाची निविदा 100 रुपयांची आणि देशी कारखानदाराची 115 ची आली. फरक 20 टक्क्यांच्या आत आहे, म्हणून देशी कारखानदाराला 100 रुपयांतच माल देण्याची संधी मिळते. जमले तर सगळे किंवा निम्मे काम त्याचे. इथे तिजोरीला भुर्दंड नाही.

आता आपली बाजू. 1932 साली जावाच्या साखरेपासून संरक्षण देणारा कायदा झाला, तेव्हा देशातले सुमारे 30 कारखाने चार-पाच वर्षांत 130 च्या वर गेले. आजही तेल कंपन्या पेट्रोलमध्ये मिसळायला देशातलेच इथेनॉल घेतात. हा आसरा आपल्यालाही आहे, हे विसरून चालणार नाही.

पण आसरा कायमचा नसतो. 7 डिसेंबर 2023 ला केंद्राने त्या वर्षापुरती उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास एकाएकी मनाई केली आणि आठवडाभरात मर्यादित सूट दिली. तोवर कारखान्यांचे नियोजन कोलमडले होते. कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क 19 ऑगस्ट ते 31 डिसेंबर 2025 माफ होते. नेमका अमरावती-अकोल्याचा कापूस बाजारात यायचा तोच काळ. तेव्हा त्या सभासदांचे म्हणणे खोटे नाही.

देशी मालाला पसंती हवीच. पण तिचा खर्च कोणी सोसायचा आणि ती किती वर्षे राहणार, हे शेतकऱ्याला लागवडीआधी कळले पाहिजे. वार्षिक सभेत असा ठराव जरूर मांडावा.

तोवर आपल्या हातातले आपण करू. पाचट, वाढे, माती मोळीत न येऊ देता स्वच्छ, पक्व ऊस द्यावा. उतारा कुठल्याही सरकारी हुकमाने वाढत नाही. तो शेतातच वाढवावा लागतो.