विमाननिर्मितीतील प्रकल्प अभियंत्याची भूमिका : ए-३८० विमानाच्या संदर्भात

विमाननिर्मितीच्या चर्चेत संकल्पनकारास मान मिळतो. आराखडा आणि प्रत्यक्ष जुळणी यांना सांधणारा प्रकल्प अभियंता मात्र दुर्लक्षित राहतो. तो आराखडा काढत नाही व सुटे भागही घडवत नाही. आराखड्याची कोणती आवृत्ती लागू आहे, तीत झालेला बदल पुरवठादार, साचे, साहित्य व तपासणीची कागदपत्रे या सर्वांपर्यंत पोहोचला किंवा नाही, हे पाहणे हे त्याचे मुख्य कार्य होय. विमानउद्योगात नोंद नसलेला भाग मापाने अचूक असला तरी बसविता येत नाही. त्यामुळे वरवर कारकुनी भासणाऱ्या या कामास तांत्रिक निर्णयाचे वजन असते. (अभियांत्रिकीच्या वर्गात आराखडा काढावयास शिकविले जाते, तो बदलावा कसा, हे सहसा नाही.)

एअरबस कंपनीच्या ए-३८० या दुमजली विमानाचे उदाहरण या संदर्भात उद्‌बोधक आहे. या विमानात सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या विजेच्या तारा होत्या. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील अभियंते कॅटिया या संगणक प्रणालीची चौथी आवृत्ती वापरीत, तर फ्रान्समधील तुलूझ येथे पाचवी आवृत्ती प्रचलित होती. दोहोंतील माहिती परस्परांशी नीट जुळत नसे. शिवाय वजन घटविण्यासाठी काही तारा तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या घेतल्या होत्या आणि त्यांना वळणासाठी अधिक जागा लागते. त्यातच प्रत्येक ग्राहक कंपनीच्या आसनव्यवस्थेनुसार तारांची रचना बदलत होती. परिणामी हॅम्बुर्गहून आलेले तारांचे जुडगे तुलूझच्या जुळणीत आखूड पडू लागले. ते हातांनी दुरुस्त करण्यासाठी शेकडो जर्मन कामगार तुलूझला पाठवावे लागले.

या विलंबाचे खापर बहुधा संगणक प्रणालीवर फोडले जाते. हे अर्धसत्य होय. मोठ्या उद्योगात भिन्न प्रणाली असणे नवे नाही. पहिला जुडगा आखूड पडताच दोन्ही देशांतील काम थांबविण्याचा अधिकार कोणास होता, हा खरा प्रश्न आहे. राष्ट्रनिहाय विभागलेल्या रचनेत असा अधिकारी स्पष्ट नव्हता.

विलंबाच्या घोषणेनंतर १४ जून २००६ रोजी मूळ कंपनी ईएडीएसच्या समभागाचे मूल्य एका दिवसात सुमारे एक चतुर्थांशाने घसरले. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सला १५ ऑक्टोबर २००७ रोजी, नियोजनापेक्षा सुमारे दीड वर्ष उशिरा मिळाले. तत्पूर्वी, फेब्रुवारी २००७ मधील ‘पॉवर ८’ योजनेत एअरबसने राष्ट्रनिहाय विभाग मोडून देशांच्या सीमा ओलांडणारी केंद्रे स्थापण्याचे जाहीर केले होते.