लेसरचा धंदा करायचाय? आधी मटेरियल ओळखायला शिका!

आमच्या कांजूरमार्गच्या दुकानात आलेला ग्राहक पहिल्यांदा विचारतो, "किती घेणार?" तुम्ही रेट सांगायच्या आधी उलट विचारा, "वस्तू कशाची आहे?" लेसरच्या धंद्यात नफा-तोटा तिथेच ठरतो.

आपण वापरतो तो सीओटू लेसर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सी. कुमार पटेल यांनी शोधला. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्यातलं! या लेसरचा १०.६ मायक्रॉनचा किरण लाकूड, ॲक्रिलिक, कागद, चामडं शोषून घेतात आणि तापतात. उघडं स्टील मात्र तो बराचसा परत फेकतं. म्हणून स्टीलच्या बाटलीवर नाव कोरायला फायबर लेसर लागतो. "एकाच मशीनवर सगळं होतं" म्हणणाऱ्या सेल्समनपासून सावध.

ॲक्रिलिक : कास्ट शीटवर अक्षर दुधी पांढरं उठतं. एक्स्ट्रूडेड स्वस्त, कापायला चांगली, पण कोरलेलं फिकं दिसतं. नेमप्लेट, ट्रॉफीला कास्टच घ्या.

एमडीएफ, प्लाय : लाकूड वितळत नाही, जळतं. म्हणून कडा काळी पडते. हवेचा झोत चालू ठेवा, वर मास्किंग टेप लावा. प्लायमध्ये आतला गोंद सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे मध्येच एखादी जागा कापायची राहते.

काच : कापली जात नाही. वरच्या थराला बारीक तडे जातात, तीच पांढरी नक्षी.

पीव्हीसी, रेक्झिन : अजिबात नाही! सुरुवातीला "लेदरच आहे" या शब्दावर मी किचेनची ऑर्डर घेतली. निघालं रेक्झिन. दोन-चार पीसमध्येच घसा जळजळायला लागला, मशीन बंद केलं, ॲडव्हान्स परत दिला. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक, आणि मशीनच्या रेल्सनाही गंज चढवतो.

ओळखायचं कसं? मोकळ्या हवेत तांब्याची तार लाल तापवा, प्लास्टिकला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन असण्याची दाट शक्यता. काम परत करा.

शेवटचं : ग्राहक स्वतःचा माल आणतो तेव्हा ट्रायलसाठी एक पीस जास्तीचा मागून घ्या. आणि नाही म्हणायला लाजू नका. एक ऑर्डर गेली तर दुसरी येईल, फुप्फुसं दुसरी मिळत नाहीत.