कीटकनाशकांची विषारकता : पेराडेनिया विद्यापीठातील संशोधनाचा धडा

शेतीशाळा असो वा शेतकरी मेळावा, कीटकनाशकांच्या सुरक्षित वापराचा विषय निघाला की डब्यावरील रंगीत त्रिकोणाचा उल्लेख हमखास होतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे किंचित विषारी. ही माहिती आवश्यकच आहे; मात्र हे रंग प्रामुख्याने प्रयोगशाळेतील उंदरांवरील चाचण्यांवरून ठरतात. चाचणीतील निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात, ती मात्रा प्रति किलो वजनास ५१ ते ५०० मिलिग्रॅम असेल तर डब्यावर पिवळा त्रिकोण येतो. तेच रसायन माणसाच्या पोटात गेल्यास आणि रुग्णावर रुग्णालयात उपचार झाल्यास काय घडते, याचे उत्तर त्या रंगात नसते. हे उत्तर शोधण्याचे काम श्रीलंकेतील पेराडेनिया विद्यापीठाशी निगडित औषधशास्त्र व विषविज्ञानाच्या संशोधकांनी केले.

एक वर्ग, तीन परिणाम

पेराडेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्याशाखेत ‘साऊथ एशियन क्लिनिकल टॉक्सिकॉलॉजी रिसर्च कोलॅबोरेशन’ हा संशोधनगट कार्यरत आहे. या संशोधकांनी २००२ पासून अनुराधापुरा व पोलोन्नारुवा या भातशेतीच्या जिल्ह्यांतील रुग्णालयांत विषबाधेच्या प्रत्येक रुग्णाची पद्धतशीर नोंद ठेवण्यास सुरुवात केली. रुग्णाच्या शरीरात नेमके कोणते रसायन गेले, लक्षणे केव्हा दिसली आणि शेवट काय झाला, हे त्यात नोंदले जाई.

क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट आणि फेन्थिऑन ही तीनही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तेव्हा एकाच, म्हणजे दुसऱ्या वर्गात होती. ही कीटकनाशके पोटात गेलेल्या ८०२ रुग्णांचा अभ्यास २००५ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. क्लोरपायरीफॉसच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ८ टक्के, फेन्थिऑनमध्ये १६.२ टक्के, तर डायमेथोएटमध्ये २३.१ टक्के आढळले. कागदावर एकाच वर्गात असलेल्या रसायनांत जवळपास तिपटीचा फरक होता.

फरक कशामुळे पडतो?

या गटातील सर्व कीटकनाशके मज्जासंस्थेतील अ‍ॅसिटिलकोलिनेस्टेरेज या विकराला निकामी करतात. किडीतही हेच घडते आणि माणसातही. परंतु शरीरातील त्यांचा प्रवास निराळा असतो. डायमेथोएट पाण्यात सहज विरघळते. ते झपाट्याने पसरते आणि रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. फेन्थिऑन चरबीत साठते. त्यामुळे आरंभी बरा वाटणारा रुग्ण नंतर श्वसनाच्या त्रासाने गंभीर होऊ शकतो.

दुसरे कारण उताऱ्याशी निगडित आहे. प्रॅलिडॉक्सिम हे औषध विकराला विषापासून सोडवते; मात्र काही काळाने हा बंध पक्का होतो आणि औषध निरुपयोगी ठरते. डायमेथिल प्रकारच्या रसायनांत, म्हणजे डायमेथोएट व फेन्थिऑनमध्ये, निम्मा विकर सुमारे ३.७ तासांतच असा कायमचा अडकतो. क्लोरपायरीफॉससारख्या डायएथिल प्रकारात त्यास सुमारे ३३ तास लागतात. गावापासून रुग्णालयापर्यंतच्या वेळेचे महत्त्व या आकड्यांवरून ध्यानात यावे.

तिसरे कारण डब्यातील द्रावकाचे. एडिनबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी लहान जातीच्या डुकरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, डायमेथोएटच्या प्रवाही (ईसी) कीटकनाशकाची तीव्रता केवळ क्रियाशील घटकामुळे नसून त्यातील सायक्लोहेक्सानोन या द्रावकाचाही त्यात मोठा वाटा आहे.

नोंदीतून धोरणाकडे

श्रीलंकेने १९९५ पर्यंत मोनोक्रोटोफॉस व मेथामिडोफॉस, तर १९९८ मध्ये एन्डोसल्फान बंद केले होते. रुग्णालयांतील नोंदींच्या आधारे २००८ ते २०११ या काळात डायमेथोएट, फेन्थिऑन आणि पॅराक्वाट हे तणनाशक टप्प्याटप्प्याने हद्दपार झाले. १९९५ मध्ये दर लाख लोकसंख्येमागे ४७ असलेले आत्महत्यांचे प्रमाण २००५ पर्यंत २४ वर आले व पुढेही घटत राहिले. १९९५ आणि १९९८ च्या बंदीनंतर भात व भाजीपाल्याच्या उत्पादकतेत घट आढळली नाही. पर्याय उपलब्ध असताना घातक रसायन काढून टाकल्याने शेती बुडत नाही, ही बाब कृषी विभागांसाठी मोलाची आहे.

याच भागातील १८० गावांत कीटकनाशके ठेवण्यासाठी कुलूपबंद पेट्या देण्याचा प्रयोगही झाला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार पेट्यांमुळे हेतुपुरस्सर विषप्राशन घटल्याचे दिसले नाही. लहान मुलांच्या हाती विष लागू नये म्हणून कुलूप हवेच. पण तेवढ्यावर विसंबता येत नाही.

आपल्या शेतापर्यंत

वरील आकडे पोटातून झालेल्या विषबाधेचे आहेत. ते फवारणीतील विषबाधेस जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरीही २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीदरम्यान झालेल्या मृत्यूंनी एक गोष्ट स्पष्ट केली : अनेक रसायनांचे मिश्रण शरीरात गेलेल्या रुग्णावर उपचार करताना डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न ‘नेमके काय गेले?’ हाच असतो. भारताने २०१८ व २०२३ च्या आदेशांद्वारे अनेक घातक कीटकनाशकांवर बंदी आणली. २०२३ च्या आदेशात मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के एसएलचाही समावेश आहे. जुना साठा शेतकऱ्यांच्या घरी राहणार नाही, हे पाहणे विस्तार यंत्रणेचे काम आहे.

विस्तार कार्यकर्त्यांनी सांगावयाच्या गोष्टी

• त्रिकोणाच्या रंगासोबत क्रियाशील घटकाचे नाव व प्रमाण वाचण्याची सवय शेतकऱ्यांना लावावी.

• विषबाधा झाल्यास डबा व माहितीपत्रक रुग्णासोबत न्यावे. मिश्रण फवारले असल्यास सर्व डबे न्यावेत.

• दूषित कपडे काढून त्वचा साबण व भरपूर पाण्याने धुवावी. उलटी करवू नये. दूध, तूप वा मिठाचे पाणी पाजण्यात वेळ दवडू नये.

• रुग्ण बरा वाटत असला तरी त्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवावे.

• गरजेपुरतेच कीटकनाशक खरेदी करावे. शिफारस नसलेली मिश्रणे टाळावीत. शिफारस करताना परिणामकारक पर्यायांपैकी माणसास कमी घातक पर्याय निवडावा.

• मानसिक ताणात असलेल्या शेतकऱ्यास वा त्याच्या कुटुंबीयांस ‘टेली मानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक द्यावा.

किडीवरील परिणामकारकता हा कीटकनाशकाच्या शिफारशीचा एक निकष आहे. ते हाताळणाऱ्या माणसाचा जीव हा त्याच्या बरोबरीचा निकष मानला गेला पाहिजे, हेच रुग्णालयांतील या नोंदी सांगतात.