कृत्रिम मूत्रपिंड आणि पाण्याचा प्रश्न

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. कावेरीचे पाणी तेथे सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून पंपांच्या साहाय्याने चढवून आणावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात या शहरास पाणीटंचाईची तीव्र झळ लागली. टंचाईत गैरसोय सर्वांचीच होते. परंतु ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, त्यांच्या जिवाचाच प्रश्न उभा राहतो. कारण ज्या यंत्रावर त्यांचे रक्त शुद्ध केले जाते, ते यंत्र पाण्यावाचून चालत नाही. ठरलेली पाळी चुकली, तर शरीरात पाणी व पोटॅशियम साचून हृदयक्रिया धोक्यात येते.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. रक्तातील यूरियासारखी टाकाऊ द्रव्ये अतिसूक्ष्म छिद्रांच्या पटलातून पलीकडील द्रवात उतरतात. रक्तपेशी व प्रथिने आकाराने मोठी असल्यामुळे अलीकडेच राहतात. या क्रियेस अपोहन किंवा डायालिसिस म्हणतात. हॉलंडमधील डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये फिरत्या पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळून असे यंत्र सिद्ध केले आणि १९४५ मध्ये त्यायोगे एका वृद्धेचे प्राण वाचविले. १९६० मध्ये अमेरिकेतील डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रक्तवाहिन्यांत कायम ठेवता येणारी टेफ्लॉनची नळी योजिली. तेव्हापासून हा उपचार एकाच रुग्णावर वर्षानुवर्षे करणे शक्य झाले.

मात्र पलीकडील द्रव सतत ताजा असावा लागतो. मिनिटास अर्धा लिटर या मानाने चार तासांच्या उपचारास १२० लिटर द्रव लागतो. आठवड्यास तीन वेळा उपचार घेणाऱ्या रुग्णाची वर्षाची गरज १८,००० लिटरांहून अधिक भरते. शिवाय हे पाणी अत्यंत शुद्ध हवे. त्यातील क्षार, क्लोरीन व जंतू काढताना आणखी बरेच पाणी बाजूस पडते. ते वाया न घालविता स्वच्छतेसाठी वा बागेसाठी वापरता येते.

निसर्गाची रीत याहून काटकसरीची आहे. निरोगी मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. पण बहुतेक सर्व परत शोषून घेऊन केवळ दीड-दोन लिटर मूत्ररूपाने बाहेर टाकतात.

ही काटकसर यंत्रास साधावी, असा संशोधकांचा प्रयत्न आहे. वापरलेला द्रव रासायनिक गाळणीतून नेल्यास तेथील विकर यूरियाचे विघटन करते, झिर्कोनियमचे संयुग त्यातून निघालेला अमोनिया धरून ठेवते व कोळसा इतर द्रव्ये शोषतो. अशा रीतीने सुमारे ६ लिटर द्रव पुनःपुन्हा वापरता येतो. याच तत्त्वावरील, कमरेस बांधता येणाऱ्या यंत्राची चाचणी २००७ मध्ये लंडनमध्ये झाली. पुढे अमेरिकेतील चाचणी मात्र द्रवात वायूचे बुडबुडे होणे आदी अडचणींमुळे मध्येच थांबवावी लागली.

आज उपलब्ध असलेला दुसरा मार्ग म्हणजे पोटातील नैसर्गिक आवरणाचाच पटलासारखा उपयोग करणे. त्यास दिवसाला साधारण ८ लिटर तयार द्रव पुरतो व उपचार घरीच होतो. परंतु जंतुसंसर्ग टाळण्यासाठी कडक स्वच्छता पाळावी लागते, आणि तो सर्वच रुग्णांना मानवतो असे नाही.

तोवर रुग्णालयातील यंत्रावरच बहुसंख्य रुग्णांची भिस्त आहे. म्हणूनच उपचारकेंद्र उभारताना यंत्रांच्या संख्येइतकाच विचार त्यांस लागणाऱ्या पाण्याचाही व्हावयास हवा.