किडनी प्रत्यारोपणानंतर क्रिएटिनिन वाढलं, तर आधी विषाणूची तपासणी का करतात?

किडनी प्रत्यारोपण झालेल्या माणसाचं क्रिएटिनिन वाढलं, की घरच्यांना पहिली भीती वाटते ती 'शरीरानं किडनी नाकारली' याची. पण हा आकडा एखाद्या विषाणूमुळेही वाढू शकतो. आणि या दोन कारणांवरचे उपचार एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

उलट म्हणजे कसे?

शरीरानं नवी किडनी स्वीकारावी म्हणून टॅक्रोलिमससारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं रोज घ्यावी लागतात. शरीर किडनी नाकारत असेल, तर हे उपचार वाढवतात. कारण बीके विषाणू असेल, तर तीच औषधं कमी करतात. या विषाणूवर खात्रीचं औषध नाही, त्याला शरीराची स्वतःची ताकदच रोखते. म्हणून निदान चुकलं, तर उपचारच किडनीच्या मुळावर येऊ शकतो.

हा विषाणू येतो कुठून?

बहुतेकांना त्याची लागण लहानपणीच होऊन गेलेली असते. पुढे तो किडनीत आणि मूत्रमार्गात निपचित पडून राहतो. प्रतिकारशक्ती दबली, की डोकं वर काढतो. १९७१ साली लंडनमध्ये प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाच्या लघवीत तो सापडल्याची नोंद झाली. 'बीके' ही त्या रुग्णाच्या नावाची आद्याक्षरं.

तपासणी कोणती?

आयजीजी अँटिबॉडी तपासणी 'विषाणू कधीतरी येऊन गेला' एवढंच सांगते. सीएमव्ही या दुसऱ्या विषाणूसाठी ती प्रत्यारोपणाआधी दाता आणि रुग्ण दोघांचीही करतात. भारतात बहुतेक प्रौढांमध्ये ती पॉझिटिव्हच येते. त्याचा अर्थ आजार असा नव्हे.

शस्त्रक्रियेनंतर महत्त्वाची ठरते ती पीसीआर. रक्तात विषाणू आत्ता किती आहे, हे ती मोजते. बीकेमुळे सहसा ताप येत नाही, दुखतही नाही. म्हणून साधारणपणे पहिले ९ महिने दरमहा आणि नंतर २ वर्षं होईपर्यंत दर ३ महिन्यांनी ही तपासणी सुचवली जाते. तरीही शंका उरली, तर किडनीचा छोटा तुकडा काढून बायोप्सी करतात.

गावाकडच्या रुग्णांनी काय लक्षात ठेवावं?

गुहागर तालुक्यातल्या वेळणेश्वरसारख्या गावातून दर वेळी मुंबई-पुणे गाठणं सोपं नाही. त्यामुळे कधी जवळ, कधी शहरात असं रक्त दिलं जातं. इथेच गोंधळ होतो.

• प्रत्येक लॅबचे आकडे थोडे वेगळे येतात. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा.
• नमुना दर वेळी एकाच प्रकारचा हवा: प्लाझ्मा किंवा पूर्ण रक्त.
• दोन आकड्यांत तिपटीहून कमी फरक असेल, तर तो मोजणीतलाही असू शकतो.
• नमुना दूर जाणार असेल, तर प्लाझ्मा कधी वेगळा करणार आणि थंड ठेवून पाठवणार का, हे विचारा.
• जुने रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलमध्ये ठेवा.

आणि रिपोर्ट काहीही येवो, प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी कमी-जास्त करू नका.